तिसऱ्या पायरीवरची मेणबत्ती

१

सेत्तीमिओ रानुच्ची गेला त्या सोमवारी, सलग तिसऱ्या दिवशी दक्षिणेचा दमट वारा वाहत होता. आमच्या रोक्कास्कुरात हा वारा सुटला की म्हातारी माणसं तळघरात उतरायचं टाळतात. गाव वसलंय विझलेल्या ज्वालामुखीच्या काठावर, आणि खाली त्याच्या मुखात दोन तळी आहेत, थोरलं आणि धाकटं. विझलेला आपलं म्हणायचं. हवा जड झाली की डोंगर श्वास सोडतो आणि तो खडकात कोरलेल्या तळघरांच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. त्या वायूला ना रंग ना वास. म्हणून आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिला धडा हाच: तळघरात उतरताना मेणबत्ती गुडघ्याखाली धरायची, आणि ज्योत विझली की मागे फिरायचं.

धाकट्या तळ्याकाठी क्लेलियाची खाणावळ आहे. दहा वाजले तरी सेत्तीमिओची मासळी आली नाही, म्हणून ती चढ चढून त्याच्या तळघराशी गेली. दार सताड उघडं होतं. तिनं आत डोकावलं आणि जी किंकाळी फोडली ती वर चौकात, माझ्या औषधांच्या दुकानात ऐकू आली.

अग्निशमनवाले तोंडाला नळ्या लावून उतरले आणि त्यांनी त्याला वर आणलं. एकाहत्तर वर्षांचा सुका, काटक माणूस. कपाळावर खोक पडलेली. डॉक्टर म्हणाले, जीव वायूनं घेतला, खोक पडताना लागली असेल. बायकांनी छातीवर क्रूस केला. हळहळ झाली आणि माणसं पांगायला लागली.

आमचा ठाणेदार देस्सी तेवढा हलला नाही. दाराशी उकिडवा बसून तो पायऱ्यांकडे बघत होता.

"बाई," त्यानं मला विचारलं, "ही मेणबत्ती त्याचीच?"

एकूण सात पायऱ्या. वरून तिसरीवर, मेणाचे थेंब पाडून त्यात नीट उभी केलेली मेणबत्ती होती. फार तर अर्धं बोट जळलेली.

"त्याचीच. तो कायम असलीच वापरायचा."

"म्हणजे ती विझलेली त्यानं पाहिली. पाहिली, हाताशी नीट ठेवली." देस्सी उठून उभा राहिला. "वायूची एवढी जाण असलेल्या माणसानं मग चौथ्या पायरीवर पाय का ठेवला?"

२

देस्सी सार्डिनिया बेटावरचा. आमच्याकडे येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. तळ्याकाठी राहून मासे खात नाही म्हणून गाव त्याला हसायचं. पण त्याची खरी खोड वेगळी, तो विचारत सुटायचा. वाम सोलताना डोक्याकडून का सोलतात, गोळीला साखरेचा लेप कशाला. त्याच्या ठाण्यातली खुर्ची मोडकी होती, म्हणून तो माझ्या दुकानातल्या बाकावर येऊन बसे आणि मी चिठ्ठ्या वाचत असताना तोंड चालू ठेवे.

सोमवारी दुपारपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता. सेत्तीमिओच्या बहिणीचा मुलगा अदेल्मो. वय पस्तीस, वजन सव्वाशे किलो, राग नाकाच्या शेंड्यावर. आदल्याच दिवशी कॅफेत मामा-भाच्याची जुंपली होती. सर्व्हेअर पेल्लिच्चोनीला मामाचं तळघर हॉटेलसाठी हवं होतं. अदेल्मो विकायला तयार, मामा नाही म्हणे. शेवटी अदेल्मो सगळ्यांदेखत ओरडला होता, "मामा, एक दिवस ते बीळ तुला गिळेल आणि मी तुला उचलायलाही येणार नाही!"

दुसऱ्या दिवशी बिळानं गिळलंच.

"सोमवारी सकाळी तुमच्याकडे कोण कोण आलं?" देस्सीनं मला विचारलं.

"दहाच्या आत तिघं. आधी सर्व्हेअर. रविवारी लग्नात पोटाला तडस लागेपर्यंत जेवला होता, त्याला सोडा हवा होता. मग अदेल्मो, त्याच्या तळहाताला जखम होती. पट्टी घेतली. आणि सव्वानऊला रोमोलोकाकांची बायको इनेस. डोकेदुखीची पूड आणि उलटीवरचं औषध. म्हणाली, सकाळपासून डोकं फुटतंय, पोटात ढवळतंय."

"अदेल्मोच्या हाताला काय झालं होतं?"

"मासे धरायचा गळ घुसला म्हणाला."

देस्सीनं मान हलवली. एवढ्यात त्याचा शिपाई धावत आला. तळघरातला वायू ओसरला होता आणि आत एक वस्तू सापडली होती.

३

वस्तू म्हणजे विजेरी. शेवटच्या पिंपामागे पडलेली, चालू राहून राहून बॅटरी संपलेली. पिवळी विजेरी, आमच्या मच्छीमार सोसायटीनं सभासदांना वाटलेली. सेत्तीमिओची स्वतःची त्याच्या होडीतच होती. म्हणजे आत दुसरं कोणी तरी होतं, आणि ते मासेमारांपैकीच.

तिथेच भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक कोनाडा होता. त्यातला पत्र्याचा बिस्किटांचा डबा बाहेर ओढलेला होता. झाकण एकीकडे, कागद दुसरीकडे. बायकोचा फोटो, जुन्या पावत्या आणि मेणकापडात गुंडाळलेला एक नकाशा. देस्सीनं सगळं उचलून आणलं.

मंगळवारी सकाळी सोसायटीच्या उरलेल्या आठही सभासदांना आपापली विजेरी घेऊन बोलावलं. सात जणांनी आणली. अदेल्मोनं नाही.

"ईस्टरला पाण्यात पडली," तो म्हणाला.

"बरी पडली," मागून कोणी तरी खवचटपणे बोललं. अदेल्मो त्याच्या अंगावर धावला. चार जणांनी धरला तेव्हा कुठे थांबला. दंडाला धरून त्याला आत नेताना त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

"साहेब, मी भांडतो," तो म्हणाला. "तोंड सुटतं माझं. पण मामानं मला वाढवलंय हो. मला मारायचंच असतं तर चोरासारखा आत कशाला शिरेन? माझ्याकडे किल्ली आहे. अन् त्या डब्यातलं काय हवं असतं तर मामाकडे मागितलं असतं."

बुधवारी शहरातून सरकारी वकील येणार होते, आणि त्यांच्यापुढे भांडण, जखम आणि हरवलेली विजेरी एवढं पुरेसं होतं. मला ते मुळीच पटत नव्हतं. मी तसं देस्सीला म्हटलंही.

"मलाही नाही पटत," तो म्हणाला. "बाई, प्रेत उचलताना तुम्ही होतात. त्याची पँट बघितलीत?"

"पँट? तिचं काय?"

"कमरेवरून घसरत होती. पट्टा कुठे गेला?"

४

सेत्तीमिओचा पट्टा साऱ्या गावाला ठाऊक होता. रुंद चामडी, पितळी बक्कल, बापाच्या वेळचा. तो पट्ट्याशिवाय घराबाहेर पडला असं मी तरी कधी पाहिलं नाही. तळघरात पट्टा नव्हता, होडीत नव्हता, घरीही नव्हता.

"चोरानं नेला असेल," मी म्हटलं.

"बायकोच्या फोटोची चांदीची चौकट ठेवून जुना पट्टा न्यायचा? आणि अजून एक सांगा. तो पडला होता कसा?"

मला ते चांगलं आठवत होतं. खालच्या पायरीशी पालथा. दोन्ही हात डोक्यावर, दाराच्या दिशेनं ताणलेले.

"पळून बाहेर येत असणार."

"पळणारा हात पुढे करतो, मान्य. पण दोन्ही तळहात वर करून? त्याचे तळहात आकाशाकडे होते बाई. फळीवर पोतं ढकलताना असतात तसे."

तेवढ्यात दुकानात क्लेलिया शिरली. तिला झोपेसाठी काही तरी हवं होतं. प्रेत पाहिल्यापासून तिचा डोळा लागत नव्हता.

"काल तर माझे हात असे कापत होते की सुरी धरवेना," ती सांगत होती. "ती इनेस आली म्हणून निभावलं हो. आर्टिचोकची चाळीस बोंडं सोलून दिली, वर दोन ताटं पास्ता खाल्ला. म्हटलं बाई, तुला बरं आहे, कशानंच काही होत नाही. तर म्हणते कशी, मला उभ्या जन्मात कधी डोकं दुखलेलं माहीत नाही!"

क्लेलिया निघून गेली. देस्सी बाकावरून हळूच माझ्याकडे बघत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली: वायू लागलेल्या माणसाचंही डोकं असंच फुटतं, असंच ढवळतं.

"पुडी तुम्ही कुणाला दिलीत म्हणालात?" त्यानं विचारलं.

५

इनेसचा नवरा रोमोलो चेक्कारेल्ली. त्याचा संशय कुणालाच आला नव्हता, त्याचं कारण साधं होतं. रोमोलो आणि सेत्तीमिओ यांच्यात एकतीस वर्षं विस्तव जात नव्हता. धाकट्या तळ्याच्या उत्तर काठाला वेताचं बेट आहे, तिथे मासळी अंडी घालते. ती जागा कुणाच्या बापाची, यावरून बिनसलं आणि अबोला पडला. लहानपणचे मित्र, शाळेत एका बाकावर बसलेले. पण कॅफेत एक आला की दुसरा उठे. "पोपनं सांगितलं तरी रोमोलो त्या तळघरात पाय ठेवणार नाही," असं गाव म्हणे.

देस्सीनं मेणकापडातला नकाशा माझ्या काउंटरवर पसरला. साठ वर्षांपूर्वीचा, हातानं काढलेला, सोसायटीचा शिक्का मारलेला. वेताच्या बेटावर नाव होतं चेक्कारेल्ली.

"म्हणजे रोमोलोकाका खरं बोलत होते!" मी उडालेच.

"आणि सेत्तीमिओला ते माहीत होतं. कागद त्यानं लपवून ठेवला होता. रविवारी सोसायटीत जागांचं मतदान आहे ना?"

"पण विजेरी? ती त्यांनी दाखवली."

"त्यांचा मुलगाही सभासद होता, शहरात नोकरीला जाण्यापूर्वी. त्या घरात दोन विजेऱ्या. मीच मूर्ख, माणसं मोजली, घरं मोजली नाहीत." तो हळूहळू, मला नव्हे तर स्वतःला सांगितल्यासारखा बोलू लागला. "रोमोलो गुपचूप शिरला. किल्ली दारावरच्या फटीत असते, सगळ्यांना माहीत. मेणबत्ती पेटवत बसायला वेळ कुठला, विजेरी घेतली. कोनाडा जमिनीलगत, म्हणजे वाकलं की नाक थेट वायूत. तो कोसळला. मग सेत्तीमिओ आला. दार उघडं, आत विजेरीचा उजेड, जमिनीवर माणूस. मेणबत्ती तिसऱ्या पायरीवर विझली. त्यानं ती ठेवली, श्वास कोंडला, आणि उतरला."

"आणि पट्टा..."

"काखेतून घातला. ओढायला. आत अदेल्मो असता तर त्याला त्या जागेवरून हलवणंसुद्धा जमलं नसतं. सव्वाशे किलो! रोमोलो किती भरेल?"

रोमोलोकाका म्हणजे काडीपैलवान. माझ्या वजनकाट्यावर ते गेल्याच महिन्यात चढले होते. एकावन्न किलो.

"चला," देस्सी म्हणाला. "तुम्ही पण या. तुम्ही असलात की इनेसबाई घाबरणार नाहीत."

६

इनेसनं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाली. रोमोलोकाका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोरच्या वाडग्यातलं सूप गार झालं होतं.

देस्सी टोपी काढून समोर बसला. मला वाटलं, आता प्रश्नांची सरबत्ती. त्यानं फक्त हात पुढे केला.

"काका, पट्टा द्या."

म्हातारा खुर्ची मागे सरकवून आतल्या खोलीत गेला आणि पट्टा घेऊन आला. गुंडाळलेला नव्हता. दोन्ही हातांवर आडवा धरला होता, तान्ह्या मुलाला धरतात तसा.

"मला फक्त कागद बघायचा होता," तो म्हणाला. "मरायच्या आधी एकदा. माझा बाप लबाड नव्हता एवढंच बघायचं होतं. दोन मिनिटांचं काम वाटलं. वाकलो आणि डोकं गरगरलं. पुढचं आठवतं ते काखेत आवळलेलं चामडं आणि पायऱ्या पाठीला घासतायत. मग एक जोराचा धक्का, अन् मी उजेडात."

"मग?"

"ओकलो. मागे बघितलं तर तो खाली. मेणबत्ती विझलेली. हाक मारली मी, साहेब. नावानं मारली, दोनदा. पण उतरलो नाही. पाय उचलेना, भीतीनं की वायूनं, देवाला ठाऊक. चार घरांत ओरडून सांगितलं असतं तरी... पण विचारलं असतं ना सगळ्यांनी, तू तिथे काय करत होतास? मी घरी आलो. रांगत आलो म्हटलं तरी चालेल."

इनेस भिंतीला टेकून रडत होती. "मी म्हटलं होतं सांगा म्हणून," ती मला म्हणाली. "काल म्हटलं, आज सकाळी म्हटलं. त्या पोराला धरून नेलं तेव्हा तर मी यांच्या पायाच पडले."

"उद्या सांगणार होतो," रोमोलोकाका म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

देस्सीनं पट्टा टेबलावर ठेवला. "एक गोष्ट मला उलगडत नाही. सेत्तीमिओ अडकलेली जाळी सोडवायला डुबकी मारायचा. दीड मिनिट खाली राहायचा, सगळे सांगतात. तुम्हाला ओढत आणायला तेवढा वेळ लागला नसता. शेवटच्या थोड्या पायऱ्या उरल्या असताना त्याचा श्वास सुटला कसा?"

रोमोलोकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"ते मी तुम्हाला नाही सांगणार," ते म्हणाले. "ते अदेल्मोला सांगेन."

७

पुढे जे व्हायचं ते झालं. बुधवारी सरकारी वकील आले आणि भाच्याऐवजी रोमोलोकाकांचा जबाब घेऊन गेले. संकटातल्या माणसाला टाकून पळाल्याचा खटला त्यांच्यावर झाला, वयाकडे बघून तुरुंग टळला. रविवारी सोसायटीत नकाशा वाचला गेला आणि वेताचं बेट चेक्कारेल्लींच्या नावानं लागलं. रोमोलोकाकांनी तिथे एकदाही जाळं टाकलेलं नाही. तळघर अदेल्मोनं विकलं नाही. पेल्लिच्चोनीनं हॉटेल थोरल्या तळ्याकडे बांधलं.

पण मला सांगायचंय ते मंगळवारच्याच संध्याकाळचं.

ठाण्याच्या मागे अंगणात अंजिराचं झाड आहे. त्याखाली अदेल्मोला आणून बसवलं होतं. देस्सीनं त्याला सगळं आधीच सांगून टाकलं होतं. रोमोलोकाका समोर येताच तो उठला. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याचा चेंदामेंदा करणार. देस्सीही एक पाऊल पुढे झाला.

"मी दोन दिवस खुनी होतो," अदेल्मो म्हणाला. त्याचा आवाज इतका खालचा मी कधी ऐकला नव्हता. "अख्खं गाव मला खुनी म्हणत होतं आणि तू घरी बसून सूप पीत होतास."

"हो," रोमोलोकाका म्हणाले.

"मामा गेला तुझ्यापायी."

"हो."

"मग आता काय सांगायला आलास?"

रोमोलोकाका उभेच होते. इनेसनं त्यांच्या कोपराला धरलं होतं, तो हात त्यांनी हळूच सोडवला.

"त्यानं श्वास कोंडला होता," ते म्हणाले. "मला अर्धवट शुद्ध आली तेव्हा त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. तीन पायऱ्या राहिल्या होत्या आणि माझी टाच फटीत अडकली होती. तो ओढतोय, मी निघत नाहीये. मीच पाय उचलला असता तर सुटलो असतो, पण मला ते कळत नव्हतं. तोंड उघडलं की संपलं, हे त्याला माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो बोलला."

रोमोलोकाकांनी डोळे पुसले.

"एकतीस वर्षांनी बोलला माझ्याशी. 'पाय उचल, रोमो.' शाळेत असताना रोमो म्हणायचा मला. 'पाय उचल, रोमो, घरी जायचंय.' मी पाय उचलला. तो माझ्या खालच्या बाजूला गेला आणि मला वर ढकललं. बस."

अदेल्मो बाकावर बसला तेव्हा ते एवढं मोठं बाक करकरलं. त्यानं गुडघ्यांवर कोपरं टेकली आणि कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिला. मी माझी पर्स उगाच उघडली, मिटली.

मग अदेल्मोनं मान वर केली. चेहरा पार भिजलेला. त्यानं आपलं अवजड अंग एका बाजूला सरकवलं आणि बाकावर म्हाताऱ्यापुरती जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "आणि परत सांगा. सगळं नको. मामा बोलला तेवढंच."